तात्यांच्या टाचेखालचा हिरवा ठिपका

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न अगदी लहान आहे. माणूस बसला, म्हणजे हजर झाला का?

घाईनं माना हलवू नका. आमच्या गुलाबमामांकडे बघा. पखवाजावर आहेत, डोळे मिटलेत. तुम्हाला वाटतंय मामा तल्लीन झाले. मामा झोपलेत. बोटं चालू आहेत, म्हणून आपण त्यांना हजर धरतो. बोटं थांबली, तर हा महाराज त्यांना नारळ देईल. असो. मामा, चालू द्या.

तर इथून दोन ओढे पलीकडे वाघेरी. तिथं तात्या जगदाळे. साखर कारखान्यात बत्तीस वर्षं हजेरी कारकून. गेटवर टेबल, टेबलावर मस्टर, हातात लाल पेन. आठ वाजून एक मिनिटानं माणूस आला की लेटमार्क. तात्यांच्या लग्नात नवरी मांडवात उशिरा आली, तर म्हणे यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. हे मी नाही सांगत, अक्का सांगतात. नवरी त्याच होत्या.

तर असे हे तात्या गोठ्यात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "पाटावर टाच ठेवायची, मागं ओढायची, पुढं सारायची. दिवसाला पाचशे वेळा, चाळीस दिवस. केलंत तर चालाल. नाही केलंत तर ही खाट आणि तुम्ही, कायमचे."

तात्या म्हणाले, "मी काय शाळेतलं पोर आहे कवायत करायला?"

अक्का म्हणाल्या, "माझं ऐकून या माणसानं आजवर कूससुद्धा बदललेली नाही. पुण्याला फोन लावा."

पुण्याला मुलगा सुहास आणि सून रेवती. दोघं नोकरीला, आणि दोघांच्याही कंपन्या म्हणतात, आमच्याकडे घरून काम चालतं. आता आली का पंचाईत? चालतं म्हणजे कसं चालतं, हे जिकडं तिकडं वेगळं.

सुहासच्या कंपनीचा नियम काय? घरून काम करायला पूर्ण मुभा आहे. फक्त त्यासाठी रोज सकाळी साडेनऊला ऑफिसात येऊन अर्जावर सही करायची.

हसू नका. सुहासही हसला नाही. त्यानं साहेबांना विचारलं, "सर, सही करायला आलो म्हणजे मी ऑफिसातच आलो की."

साहेब म्हणाले, "मग आलाच आहात तर बसा."

रेवतीची कंपनी विम्याची. तिचं काम फोनवरचं. कुणाचा अपघात, कुणाचं आजारपण, त्यांचं ऐकून घ्यायचं आणि दावा मार्गी लावायचा. तिच्या कंपनीचं मन मोठं. म्हणाले, पृथ्वीवर कुठूनही काम करा. फक्त कॉम्प्युटरवर तुमच्या नावापुढचा ठिपका हिरवा पाहिजे. सात मिनिटं माऊस हलला नाही, की ठिपका पिवळा. आठवड्यात तीन पिवळे, की दुसऱ्या दिवशी पुण्याच्या ऑफिसात हजर.

रेवती लॅपटॉप घेऊन वाघेरीला आली. तात्यांच्या खाटेशेजारी टेबल मांडलं. पहिला फोन आला तो एका बाईंचा, नवरा नुकताच गेलेला. बाई रडतायत, रेवती ऐकतेय. आता मला सांगा, रडणाऱ्या बाईचं ऐकताना माऊस कुणी हलवायचा?

ठिपका पिवळा.

मंगळवारी आणखी एक. तात्या खाटेवरून बघत होते. म्हणाले, "सूनबाई, ते पिवळं काय गं?"

"लेटमार्क समजा, तात्या. आणखी एक झाला की मला परत जावं लागेल."

तात्यांचा चेहरा पडला. ऑपरेशनला पडला नव्हता इतका. "आमच्या घरात? लेटमार्क?"

"आता ठिपका सांभाळू का फोन? फोनवर असताना कुणी हा माऊस नुसता मागंपुढं केला असता—"

एवढं बोलून रेवती थांबली. तिनं माऊसकडे पाहिलं. मग तात्यांच्या टाचेकडे. मग पाटाकडे.

मंडळी, जगातले मोठे शोध असेच लागलेले आहेत. पुरावा मागू नका.

अक्कांनी जुन्या धोतराची पट्टी फाडून दिली. माऊस टाचेला बांधला. फोन आला की रेवती म्हणायची, "तात्या, सुरू." टाच मागं, टाच पुढं. लिहायचं असलं की "तात्या, थांबा," आणि ती लॅपटॉपच्याच पाटीवर बोट फिरवायची. ठिपका हिरवागार, नुकत्या उगवलेल्या मेथीसारखा.

डॉक्टरांसाठी जो माणूस पाच वेळा पाय हलवत नव्हता, तो नऊच्या ठोक्याला कामावर हजर राहू लागला. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून. एक ते दीड जेवणाची सुट्टी. अक्कांनी पाच मिनिटं उशिरा ताट आणलं, तर म्हणाले, "इथं माणसं ड्युटीवर आहेत, जरा भान ठेवा."

अक्का म्हणाल्या, "टाचेला उंदीर बांधलाय आणि रुबाब मॅनेजरचा."

पाचव्या आठवड्यात रेवतीचे साहेब कॅमेऱ्यावर आले. खांबेटे त्यांचं नाव. पाठीमागं मोठं थोरलं काचेचं ऑफिस. तेवढ्यात त्या काचेच्या ऑफिसात कुकरची शिट्टी झाली. साहेबही घरीच. मागचं ऑफिस हे चित्र होतं.

खांबेटे म्हणाले, "रेवती, तुमचा ठिपका महिनाभर अखंड हिरवा आहे. सगळ्या शाखेत पहिला. मी तुमचं नाव वर पाठवणार होतो. पण यंत्र म्हणतंय, माऊस एकाच रेषेत हललाय. मागं-पुढं. सोळा हजार वेळा. तुम्ही करता काय?"

रेवती खोटं बोलू शकली असती. बोलली नाही. "सर, तो माऊस माझ्या सासऱ्यांच्या टाचेखाली होता."

कुकरसुद्धा थांबला.

"ही फसवणूक आहे," खांबेटे म्हणाले. "यावर नोकरी जाते, कल्पना आहे ना?"

"आहे, सर. पण या महिन्यात मी चाळीस दावे जास्त मार्गी लावलेत. ते बघितलेत का?"

खांबेट्यांनी इकडं तिकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या स्क्रीनवर दाव्यांचा रकाना नाही. ठिपक्यांचाच आहे."

तेव्हा खाटेवरून आवाज आला. "साहेब, एक मिनिट."

तात्या बोलत होते. "मीही बत्तीस वर्षं ठिपकेच केले, लाल पेनानं. आमच्याकडे हणमंत भोईटे म्हणून फिटर होता. एकदा मशीन अडलं, म्हणून पहाटे मागच्या दारानं आत शिरला. दुपारी बाहेर आला तो नखशिखांत काळा. कारखाना त्यानं चालू केला. पण गेटवर सही नव्हती, म्हणून मी त्याची गैरहजेरी लावली. तो समोर उभा होता, साहेब. अंगावरनं तेल गळत होतं. आणि मी त्याला म्हणालो, तू आलेलाच नाहीस."

बोलता बोलता तात्यांची टाच थांबली. "तो नुसता हसला. ते हसू मला अजून दिसतं. ह्या पोरीला तसं हसायला लावू नका. थांबा, तुम्हाला तिची वही दाखवतो, दावे त्यात लिहिलेत."

वही टेबलावर होती. खाटेपासून सहा पावलं.

तात्यांनी टाचेची पट्टी सोडली. खाट धरली, उठले. एक पाऊल. दुसरं. बोलायच्या नादात होते, त्यांचं लक्षच नव्हतं. अक्का दारात ताट घेऊन उभ्या, ताट तसंच हातात. रेवतीनं तोंडावर हात दाबला. सहा पावलं टाकून तात्यांनी वही उचलली, कॅमेऱ्यापुढं धरली आणि विचारलं, "दिसतंय का अक्षर?"



आणि स्क्रीनवर, टाच थांबल्यापासून बरोबर सात मिनिटांनी, ठिपका पिवळा झाला. महिन्यातला पहिला. कुणी बघितलासुद्धा नाही. खांबेट्यांनीही नाही. ते चष्मा पुसत होते.

रेवतीची नोकरी राहिली. कंपनीनं त्यावर सखोल विचार केला आणि नवीन परिपत्रक काढलं: माऊस फक्त हातानेच हलवावा. आणि सुहास? तो अजून रोज साडेनऊला घरून काम करायची सही करायला ऑफिसात जातो.

आता तुमच्याकडे वळतो. तिसऱ्या रांगेतले दादा, तुम्ही मंडपात आहात, पण मन शेतातल्या मोटारीपाशी, लाइट आली का बघतंय. काकू, तुमचं मन गॅसवरच्या दुधापाशी. आणि मी? मीही मघापासून प्रसादात काय आहे याचा अंदाज घेतोय. आपण सगळे हिरवे ठिपके आहोत, मंडळी.

देवाच्या नोकरीतही नियम जागोजागी वेगळे. कुणी म्हणतं देवळातच या, कुणी म्हणतं घरूनही चालेल. वरच्या साहेबांचं परिपत्रक माझ्यापर्यंत आलेलं नाही. पण मला वाटतं, त्यांच्या स्क्रीनवर ठिपक्यांचा रकानाच नसावा. तिथं एवढंच लिहिलेलं असेल, की एक बाई रडत होती तेव्हा कुणीतरी ऐकत होतं.

तेव्हा आज घरी जाऊन कुणाचं तरी पुरतं ऐका. होऊ दे ठिपका पिवळा.

चला, गुलाबमामा, उठा. नामाचा गजर घेऊ. टाळी इथं असाल तरच वाजवा. नसाल, तर सावकाश परत या, आम्ही थांबतो. लेटमार्क नाही.