सुकडी कोणत्या जिल्ह्याची

मार्च १९८३. सकाळी दहाला औशाच्या बसस्टँडवर लातूरची गाडी लागली. बाकावरची म्हातारी उठली नाही. शेजारच्या बाईनं विचारलं,

"मावशी, लातूरला चालला होता न्हवं?"

"कुठं जावं तेच कळंना. नातीच्या शाळेत वाटायचे ती सुकडी बंद झाली. मास्तर म्हणतो लातूरला इचारा, सरपंच म्हणतो उस्मानाबादला."

"म्हंजी मागल्या साली जिल्हा फुटला, गाव लातूरला गेलं अन् दुष्काळ उस्मानाबादेत ऱ्हायला."

"हसू नका बाई. एकाच गावच्या तिकिटापुरतं पैसं हायेत माझ्याकडं."

"नातीला घरीच दोन घास घाला की. लेकरं आपली, सरकार कुठवर पोसंल?"

"घरात दाणा असता तर इथं बसले असते का? औंदा ज्वारी हाती लागलीच न्हाई."

"मग सरकारनंच द्यावं."

"द्यावं की. पण त्याचं दार कोणतं?"

"अन् नात?"

"सिंधू अजून रोज वाटी घेऊन शाळेत जाती. बाराला वाटायचे. ऱ्हाऊ दे म्हणलं, तर म्हणती, आज यील."

लातूरची गाडी सुटली. मागून उस्मानाबादची आली. म्हातारी पायरीपर्यंत गेली, कंडक्टरशी काही बोलली आणि परत येऊन बसली.

बारा वाजले तेव्हा ती बाकावरच होती.