गीतानं पकडलेली खरखर

हॅलो?… कोन बोलून राहिलंय?… जरा मोठ्यानं बोला, गच्चीवर वारं हाय लई… उमरीहून?… अगं माय, इहीणबाई व्हय! बोला की. म्या रुक्मिणबाईच, तुमच्या गीताची सासू…

हाव, किल्लारीलाच हाय, कुठं जाते म्या… न्हाई, गीता शाळंत गेली. वर्गावर असली की फोन बंद ठेवती ती… कालपास्नं लावून राहिल्या? मंग मला लावायचा की कालच!…

काय?… कोन म्हनलं असं?… अण्णाराव? तुमचे भाऊ? हाव, आल्ते की ते. मागल्या मंगळवारी. कारखान्यावर काम व्हतं त्यांचं, चहा घेऊन गेले… लग्नात भेटले व्हय तुमाला? काय सांगितलं त्यांनी?… हं… पोरगी गच्चीवर सळया घेऊन हुभी… आन् सासरा खालून वरडून राहिलाय… हं… न्हाई न्हाई, खोटं न्हाई बोलले ते. आमचे मालक वरडलेच व्हते त्या दिशी… अहो ऐका की… रडू नका अगुदर. साखराबाई, ऐका माझं. भाऊ तुमचे गेले मंगळवारी, आन् खरी गोष्ट झाली बुधवारी. तुमी अर्धीच ऐकली.

बसा खाली. पानी प्या. मुळापास्नं सांगते.

आवो, गीतानं एक डबी मागवली. पेनड्राइव्ह असतोय ना, तेवढी. ती लॅपटॉपला लावायची, तिला वायर, वायरीला अँटिना, की लॅपटॉपचाच रेडिओ व्हतो… गान्याचा बी व्हतो, पन गान्यासाठी न्हाई घेतला. वर आभाळात हवामानाचे उपग्रह फिरत्यात, ते ढगांचे फोटो काढत जातेत आन् खाली सोडत जातेत. आपली अँटिना नीट आसली तर ते फोटो घरी उतरवून घेता येतेत… न्हाई वो, चोरून कशाला! सगळ्यांसाठी मोकळं असतंय ते. म्या बी पहिलं तेच इचारलं व्हतं…

कुनी शिकवलं? कुनीच न्हाई. आपली आपन. मोबाइलवर बगायची, वहीत लिवायची, करून बगायची, चुकायची. त्या वहीत पानंच्या पानं चुकाच हायेत. वर तारीख, खाली काय चुकलं. मास्तरीन हाय ना, सोताच्या चुकंला बी लाल पेन.

पहिले चार दिस तर लॅपटॉप त्या डबीला वळखंनाच. म्या म्हनलं, गीता, फसवलं तुला दुकानदारानं, भंगार हाय हे. ती म्हनली, आत्या, डबी चांगली हाय, पन दोघांची बोली एक न्हाई, मधी एक दुभाषी लागतोय. तो चुकीचा बसला व्हता… हां हां, ड्रायव्हर! तुमाला बरं ठाऊक?… नातू सांगून राहिला व्हय बाजूला बसून. बरं. तर तो काढला, दुसरा बसवला, आन् पडद्यावर निळं निळं पानी पडल्यावानी दिसाया लागलं, वरून खाली, सारखं. इतकी हसली पोरगी! म्या म्हनलं, फोटो कुठं हाय? म्हनली, फोटो न्हाई आजून, पन डबीला कान फुटले.

मंग अँटिना. दोन सळया, दोन्ही सारख्या, तिरक्या धरायच्या, इंग्रजी व्ही काढतेत तशा… आता ह्या ठिकानी चूक माझी हाय, सांगून टाकते. माप घ्यायला तिनं माझा शिवनाचा टेप नेला. त्या टेपाचं तोंड झिजून फाटलेलं, दोन इंच हायेतच न्हाई. म्या ब्लाउज बेतताना दोन इंच मनात धरते, तिला काय मालूम? दोन्ही सळया आखूड कापल्या! आठ दिस बगत बसली, काहून येईना, काहून येईना. मंग एकदा म्या टेप हातात घेतला आन् माझ्याच ध्यानात आलं… न्हाई, चिडली न्हाई. वहीत लिवलं, "टेप". एवढंच. आन् नव्या सळया कापल्या.

हाव… हाव… ऐका की. त्याच्या म्होरं आवाज. तिनं डबीची ताकद पार शेवटपर्यंत वाढवून ठिवलेली. म्हनली, उपग्रह लांब हाय, तर जास्ती ताकद लागंल. तर उपग्रहाच्या जागी लातूरच्या रेडिओची गानी! जिथं बगावं तिथं गानी, जाहिराती. मंग समजलं तिला, की लई वाढवलं की जवळचा मोठा आवाज समद्यात घुसतोय, आन् लांबचा बारका दबून जातोय. कमी केलं, तवा गानी गेली.

गानी गेली आन् खरखर राहिली.

ती खरखर म्हंजी इहीणबाई, तळनीत पानी पडल्यावानी. तडतड तडतड. उपग्रह डोक्यावरून जायचा, पडद्यावर त्याची बारकी पिवळी रेघ बी दिसायची, पन फोटो काढावा तर समदी राखच राख. पंधरा दिस. एखाद्या दिशी खरखर नसली, तर बांबूवरची अँटिना वाऱ्यानं हलायची आन् फोटो फाटून यायचा. रोज सकाळी शाळंत जायच्या आदी गच्चीवर, सुट्टीच्या दिशी दोनदोनदा. तिनं घरातल्या एकएक वस्तू बंद करून बगाया सुरू केल्या. टूबलाइट. फ्रीज. मोबाइलचा चार्जर. तुमचे जावई हरिओम कारखान्याला जायच्या गडबडीत, आन् न्हानीतला हीटर बंद! त्यो बिचारा थंड पान्यानं आंघूळ करून गेला, चकार बोलला न्हाई… हाव, गुनाचा हाय माझा ल्योक, पन आज त्याचं न्हाई सांगून राहिले म्या.

तर त्या मंगळवारी हे बसले टीव्हीम्होरं, सोयाबीनचे भाव लागलेले. आन् हिनं घरचा मेनच पाडला! टीव्ही बंद, पंखा बंद. मंग उठले की हे. अंगनात जाऊन वरडले, "गीतांजली, उद्याच्याला हे समदं हिरीत टाकून देतो!" आन् त्याच येळंला तुमचे भाऊ दारात. झालं! त्यांना काय दिसलं, सून वर सळया धरून, सासरा खाली वरडून राहिलाय…

न्हाई, ती उलटून बोलली न्हाई. खाली आली, मेन चालू केला, तुमच्या भावाला चहा केला. आन् सांजच्याला भाकरी थापताना मला म्हनली, आत्या, मेन पाडला तरी खरखर व्हतीच. म्हंजी ती आपल्या घरातली न्हाई, बाहेरून येऊन राहिली.

वही उघडी व्हती बाजूला. खरखर कोन्या दिशी हाय, कोन्या दिशी न्हाई, समदं लिवलेलं. म्या चौथीपर्यंत शिकले, पन वार वाचता येतेत मला. वाचलं तर सोमवार, मंगळवार, बुधवार हाय, बेस्तरवारपास्नं न्हाई. मागल्या हप्त्यात बी तेच. म्या म्हनलं, गीता! हे तर रानातल्या लाईटीचे वार हायेत! सोमवार, मंगळवार, बुधवार मोटरीला दिवसा लाईट असती आमाला, बाकी रातच्याला. ती परात सोडून उठली. पिठाच्या हातानं मिठी मारली मला. माझ्या लुगड्याला आजून डाग हाय बगा…

हाव, म्याच! चौथी शिकलेली!

मंग बुधवारी अर्धी रजा टाकली तिनं. लॅपटॉप गळ्यात अडकवला, पदराची झोळी करून, जवळचंच ऐकू यावं म्हून अँटिना काढून हातभर वायर लावली, आन् निघाली रानात. म्या मागं. घराच्या मागंच रान हाय आमचं, दोन बांध वलांडले की हीर. ती जायची चार पावलं, थांबायची, पडदा बगायची. डावीकडं वळलं की कमी, उजवीकडं वळलं की जास्ती. तुरीतून चालली, हरभऱ्याच्या कडंनं चालली. जसजशी हीर जवळ, तसतशी तडतड मोठी. मोटरीच्या पेटीम्होरं गेली तर त्या लॅपटॉपातून आवाज असा, की कानाला सोसंना.

पेटी म्हंजी, मोटर चालू-बंद करायचं खटकं असतेत ना, ती पत्र्याची पेटी. आन् तिथं हे हुभे. मोटर बंद करायला आलेले. पाय वल्ल्या मातीत, हातात बाभळीची काडी.

गीता म्हनली, "मामा, काडी कशाला?"

ह्यांनी काडी पाठीमागं धरली.

"मामा, काडीनं बटन दाबून राहिले का तुमी?"

मंग म्हनले, हळूच, "हात लावला की मुंग्या येत्यात गं. पंधरा-ईस दिस झाले."

इहीणबाई… पंधरा-ईस दिस! मला सांगितलं न्हाई, पोराला सांगितलं न्हाई. सांगितलं तर मोटर बंद ठेवा म्हनतील, रान वाळंल. म्हून काडी घेऊन दाबायचे. वल्ली काडी आसती एखाद्या दिशी मंग?… हाव… बांधावर बसले म्या.

पन गीता न्हाई बसली. शाळंत पोरान्ला बोलती ना, त्या आवाजात म्हनली, "मामा, मागं सरा. पेटीला कुनी हात लावायचा न्हाई." सासऱ्याला! आन् हे सरले मागं, गप्पगुमान. तिनं मडिवाळप्पाला फोन लावला… वायरमन हाय आमच्या इथला, समद्या रानातल्या मोटरी त्योच बगतो. त्यानं आदी वरची लाईट तोडली, मंग पेटी उघडली. आत बगतो तर एक स्क्रू ढिला, वायर जळून काळी ठिक्कर, वरचं रबर गळून गेलेलं, आन् उघडी तार पत्र्याला टेकायला एवढं… एवढं बी अंतर न्हाई. तिथंच ठिनग्या उडायच्या बारीक बारीक, डोळ्याला दिसायच्या न्हाईत. तीच खरखर! मडिवाळप्पा म्हनला, वैनी, आज-उद्याचा खेळ व्हता हा. मला म्हनला, तुमाला कळलं कसं? म्या सुनंकडं बोट केलं. त्यो लॅपटॉपकडं बगून राहिला, तिच्याकडं बगून राहिला. चाळीस वर्स वायरी जोडल्या म्हनला, पन कान लावून वायर शोधलेली पहिल्यांदा बगितली.

हाव… हाव वो… कपाळावरचं कुकू हाय माझं, ते तुमच्या लेकीनं राखलं… रडा आता, आता रडलं तरी चालतंय. म्या बी रडले तवा…

हे? घरी येऊन ओट्यावर बसले. जेवले न्हाईत धड. दुसऱ्या दिशी पहाटं उठून बाजूच्या घरून शिडी आनली. अँटिना बांबूवर बांधलेली व्हती ना, ती वाऱ्यानं हलायची. ह्यांनी लोखंडी पाइप आनला, गच्चीला पक्का ठोकला, वर अँटिना बसवली. "गीतांजली, इकडं तोंड पाहिजे का तिकडं?" इचारून इचारून. हिरीत टाकनारा मानूस!

आन् मंग आला की फोटो! बेस्तरवारी. पेटी नवी बसवलेली, अँटिना पक्की, ना खरखर ना हलनं. एकएक रेघ खाली उतरत व्हती. पहिलं काळं, मंग करडं, मंग पांढरे ढग, मंग समुद्राची कड. मला किल्लारी दिसंना. म्या म्हनलं, कुठं हाय आपलं गाव? म्हनली, आत्या, गाव ह्या ठिपक्याहून बारीक हाय. पन हे ढग बगा, हे आत्ता आपल्या डोक्यावर हायेत. म्या वर बगितलं, तर खरंच, पिंजलेल्या कापसावानी ढग व्हते. खाली बी तेच, वर बी तेच.

शाळंत दाखवला तिनं. हेडमास्तरांनी लातूरला धाडला. आन् आता लातूरहून बोलावनं आलंय, येत्या सोमवारी चाळीस शिक्षकांम्होरं करून दाखवायचं म्हने… हाव, चाळीस! फोनवर सायबांनी इचारलं, किल्लारीच ना, भूकंपाची? ही म्हनली, हो, तीच, आता इथं उपग्रहाचे फोटो बी उतरतेत… म्या जानार हाय की संगं. सळया कोन धरनार बसमधी?

तुमाला काहून सांगितलं न्हाई?… आता सांगू का?… बरं, सांगते, पन मनाला लावून घिऊ नका. ती म्हनली, आई म्हनंल पुन्हा मोडतोड सुरू केली का… काय?… हां… लहानपनी तिनं वडलांचा रेडिओ खोलला… हं… आन् तुमी लाकडी पट्टीनं… न्हाई वो, साखराबाई. तवा कुनाला काय ठाऊक व्हतं. म्या आसते तर म्या बी मारलंच आसतं. आता तिला काय बोलायचं ते तुमीच बोला, चार वाजता सुटती शाळा. म्या मधी पडत न्हाई…

हां, थांबा! थांबा थांबा. गजर झाला. साडेधाची येळ झाली… अहो, उपग्रह येऊन राहिला! म्हून तर गच्चीवर बसलेय म्या लॅपटॉप घेऊन… गीता कुठली, ती शाळंत हाय ना! आज मलाच सांगून गेली, आत्या, आजचा तुमी घ्यायचा. कुठं दाबायचं ते समदं लिवून दिलंय, मोठ्या अक्षरात… न्हाई, हे बी न्हाईत, रानात गेलेत. म्या एकलीच.

गप बसा जरा… आजून खरखरच हाय… रेघ दिसंना… आली! आली, बारीक पिवळी… हां, दाबलं लाल बटन. दाबलं, आकडे पळाया लागले… आवाज येऊन राहिला… इहीणबाई, फोन कानाला घट्ट धरा. म्या लॅपटॉपला लावते. ऐका.

…

ऐकलं?… टिक-टॉक, टिक-टॉक, शीळ घातल्यावानी… हाव, त्योच! आत्ता हितं बी हाय आन् तुमच्या उमरीवर बी हाय, बाहेर जाऊन वर बगा… दिसनार न्हाई वो, पन बगा तरी!… आता ठेवते. मोबाइल जवळ आसला की फोटोत रेघा येतेत, आन् हा फोटो मला साफ पाहिजे. ठेवते बरं का… हाव, ठेवते…