ढब्या साकीनाक्याला गेला

हॅलो?… हॅलो, दवाखाना… नाही, डॉक्टर व्हिजिटला गेलेत. कोण बोलतंय?… कोण? जरा मोठ्यानं बोला हो, नुसती खरखर येतेय…

अगं कुंदाताई, तू! आवाजच ओळखला नाही मी… वखारीतून करतेयस? मुलुंडलाच आहेस ना?… मार्तंडभावजी समोर बसलेत? मग आटप बाई लवकर, नाहीतर गिऱ्हाईक सोडून आपलंच ऐकत बसतील.

हो… हो, आम्ही सगळे बरे. हे बरे आहेत. सासूबाई… आहेत.

कोण? ढब्या?…

ताई, ढब्या नाहीये गं.

अगं नाही, नाही! जिवंत आहे! ऐक तरी! जिवंत आहे गं बाई, घरात नाहीये एवढंच. सकाळी काशीराम घेऊन गेला त्याला… काशीराम गं, आमचा दूधवाला. साकीनाक्याला तबेला आहे त्याचा. सायकलला एका बाजूला दुधाची किटली आणि दुसऱ्या बाजूला पिशवीत हा. डोकं तेवढं बाहेर. वळणापर्यंत माझ्याकडे बघत होता.

कुणी दिला म्हणजे? सासूबाईंनी दिला.

मी काय बोलणार? उभी होते तिथंच, हातात दुधाचं पातेलं घेऊन… हो, बोलायला हवं होतं. कबूल. आता तूही झाड मला, कुणीच बाकी राहायला नको.

मालन?… तेच तर. न्हाणीघरात होती ती. न्हाऊन आली आणि ओल्या केसांनीच “ढब्या, ढब्या” करत मागच्या अंगणात गेली. जांभळीखाली बघितलं, विहिरीच्या कट्ट्यामागं बघितलं, कोळशाच्या पोत्याआड बघितलं. मग वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. काय सांगू तुला, त्या वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. सरळ खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. अजून आतच आहे. चहा ठेवलाय दारात, तो गारढोण झालाय.

काका, बसा हो बाकावर. डॉक्टर येतीलच एवढ्यात… नाही गं, तुला नाही, पेशंटला सांगितलं.

हं, बोल… हो ना. तुला तर सगळं ठाऊकच आहे. श्यामसुंदरराव गेल्यावर ही माहेरी आली ती कशी आली होती! आठ दिवसांच्या तापात धडधाकट माणूस गेला. भिंतीकडे तोंड करून निजायची नुसती. ताट वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर नाही. भात घालू का विचारलं तर मान हलवायची. हे डॉक्टर ना, पण सख्ख्या बहिणीपुढं काही चालेना त्यांचं. टॉनिक आणलं, तेही तसंच पडलं.

आणि मग तू त्या टोपलीतून ते ध्यान घेऊन आलीस. राहिलं तर राहिलं, नाहीतर परत नेते, म्हणालीस. मला वाटलं, आमच्या सोवळ्याच्या घरात याचा एक दिवस निघायचा नाही. पण मालननं उचललं त्याला. उचललं आणि म्हणाली, “केवढा ढब्बू आहे हा!” ताई, कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून आपणहून निघालेले ते पहिले शब्द. सासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली गं!

म्हणून तर ठेवून घेतला त्यांनी. लेकीसाठी. नाहीतर सासूबाई आणि कुत्रं? तोंडानं मात्र, “स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला तर बघ.” बघायच्या नाहीत त्याच्याकडे. समोरून गेला तर पदर सावरून मान फिरवायच्या. पण रात्रीची उरलेली दूधपोळी झाकून ठेवलेली असायची कोपऱ्यात. कुणी ठेवली, विचारायची सोय नव्हती.

… हो हो, शिकला होता की! छान शिकला होता. मालननंच शिकवलं. उजाडायच्या आत उठून कडेवर घ्यायची आणि जांभळीखाली नेऊन सोडायची. आणि त्यानं तिथं केलं की टाळ्या वाजवायची! अगं शप्पथ! हे मला म्हणाले, “मागं कोण हसतंय गं?” म्हटलं, तुमची बहीण. तर खिडकीशी उभे राहून उपरण्यानं डोळे पुसले.

मग काय, बिघडलं गं सगळं. दृष्ट लागावी तसं… कसं म्हणजे? समोरून वरात चालली होती. फटाक्यांची माळ लावली त्यांनी. हा भेदरला आणि माजघरात मुतला. झालं. लहान जीव, व्हायचंच. मालननं पुसून घेतलं. सासूबाईंनी जागा शुद्ध करून घेतली. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. पुन्हा पुसलं, पुन्हा शुद्ध केलं. मग मालनच्या खाटेच्या पायाशी. मग पडवीत. मग चक्क देवघराच्या दारात! आम्ही जितकं स्वच्छ करावं तितका हा चेकाळल्यासारखा घरभर. आणि मालन बिचारी त्याला घेऊन जांभळीखाली उभी. पाय दुखेपर्यंत उभी राहायची. हा नुसता तिच्या तोंडाकडे बघणार, शेपटी हलवणार, आणि आत आला की धावत जाऊन कोपऱ्यात बसणार.

नाही नाही, मारलं नाही कुणी. शेजारच्या सुगंधाबाई म्हणाल्या, नाक घासा त्याचं त्याच्यात. मालननं हात लावू दिला नाही त्याला.

पण ताई… परवा मी फडकं पिळत होते मोरीत. मालन मागून आली आणि म्हणाली, “वहिनी, माझ्या हाताला लागलं की नासतंच सगळं.” बघ म्हणजे. कुत्र्याबद्दल बोलत नव्हती गं ती… हो, कळलं ना तुला? मलाही कळलं. फडकं तसंच हातात राहिलं माझ्या.

काल? काल तर कहर झाला. सत्यनारायण होता. माजघरात चौरंग मांडलेला, केळीचे खुंट बांधलेले, गल्लीतल्या सगळ्या बायका जमलेल्या. गुरुजी संकल्प सांगतायत. मालननं ह्याला मागं बांधून ठेवला होता. त्यानं दोरी कुरतडली, तरतर आत आला, सगळ्यांच्या मधून, चौरंगाच्या अगदी पुढ्यात गेला… आणि बसला. केलंन् तिथंच. रांगोळीवर.

हसू नकोस गं… नाही, माहितीय, हसायला येतंच. दुसऱ्या कुणाच्या घरी झालं असतं तर मीही हसले असते. पण गुरुजी ताडकन उठले. आणि सुगंधाबाई… कसं सांगू तुला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आधीच घरात एक अपशकुन येऊन बसलाय, त्यात ही भर.”

स्वयंपाकघराच्या दाराआड मालन होती. ऐकलं तिनं.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटलं, आता ह्या सुगंधाबाईंना हात धरून बाहेर काढतात. पण पूजा अर्धी, दारात माणसं, प्रसाद वाटायचा. गिळलं त्यांनी. सगळं गिळलं, आणि आज सकाळी ढब्यावर काढलं. काशीराम दूध घालायला आला, त्याला म्हणाल्या, “हे घेऊन जा. माझ्या लेकीला बोल लागतो ह्याच्यापायी.”

नाही ताई, असं म्हणू नकोस. दुष्ट नाहीत त्या. अजिबात नाहीत. घाबरलेल्या आहेत. जावई गेल्यापासून त्यांनी मनात घेतलंय की आपल्याकडूनच कुठंतरी शिवाशिव झाली. लग्नात झाली असेल, देवकार्यात झाली असेल. दिवसभर तेच. त्यात हा माजघरात मुतला, तेव्हापासून तर घरभर इथं शिंपड, तिथं शिंपड. लेकीच्या खाटेभोवती तर उठल्याबसल्या शिंपडत असतात…

काय शिंपडतात म्हणजे? गोमूत्र! दुसरं काय? काशीरामच आणून देतो, गाय आहे एक त्याच्याकडे…

हॅलो?… ताई? हॅलो, गेला वाटतं फोन… आहेस? मग बोलत का नाहीस?

हो… हो, तिथंच शिंपडतात, तो मुतला की लगेच. शुद्ध करायला. दुसऱ्या कशानं शुद्ध करणार?… हो, तुझ्या गोठ्यातच जन्मला, ठाऊक आहे मला, तूच सांगितलंस… गाईंच्या दावणीपाशी. बरं मग?… त्याची आई तिथंच… सगळी पिलं तिथंच करायची… गोठ्याचा वास आला की…

थांब. थांब जरा, ताई. मला नीट समजू दे.

म्हणजे वरातीच्या दिवशी तो भेदरून मुतला ते खरं. पण मग आम्ही तिथं गोमूत्र शिंपडलं, आणि त्याला वाटलं, हाच आपला गोठा… आणि मग खाटेच्या पायाशी… देवघराच्या दारात… अगं बाई! काल चौरंग मांडायच्या आधी सासूबाईंनी सगळं माजघर शिंपून घेतलं होतं. चौरंगापुढं तर दोनदा!

म्हणजे तो काही विसरलाच नव्हता गं! बिचारा वास घेत घेत बरोबर जागेवर जाऊन करत होता. आणि आम्ही पुसतोय काय, शिंपडतोय काय… अगं, आम्हीच त्याला घरभर जागा नेमून देत होतो!

आणि मालन म्हणतेय, माझ्या हाताला लागलं की नासतं.

… सांगायला हवं, ते कळतंय मला. पण कुणी सांगायचं? तू सांगतेस? सासूबाईंना जाऊन म्हणू, तुमच्या गोमूत्रानं घर बाटलं? अगं, तेवढाच एक आधार आहे त्या बाईला. लेकीचं नशीब धुऊन निघेल म्हणून शिंपडत होत्या. त्यांना कसं सांगू की त्याच्यामुळंच तिच्या मांडीवरचं पिल्लू गेलं आणि—

… …

ताई, जरा थांब.

आई, तुम्ही… कधी आलात? पेशंट बसलेत, तुम्ही दवाखान्यात कशा… नाही, कुंदाताईचा फोन आहे. नाही, काही नाही, सहज… हो. ढब्याचंच बोलत होतो.

… हो आई. ती म्हणते, वासानं करतो तो. गोठ्यातला ना… हो. जिथं जिथं शिंपडलं तिथं. हो… नाही, मालनचं काही चुकलं नव्हतं. कुणाचंच नाही चुकलं, आई… तुमचंही नाही. तुम्ही बऱ्यासाठीच… आई, अहो बसा ना खुर्चीवर… आई!

… ताई, आत गेल्या. सगळं ऐकलं गं त्यांनी. दारातच उभ्या होत्या. वाट लागली माझी आता.

नाही, ठेवू नकोस. इथून माजघर दिसतं… मालनच्या दाराशी गेल्यात. उभ्या आहेत नुसत्या… कडी वाजवतायत… हळू बोल, मला ऐकू दे.

“मालन,” म्हणतायत. “मालन, ए पोरी.” … आतून काही नाही… “मी चालले त्याला आणायला.” ताई, ऐकलंस का? म्हणतायत, मी चालले साकीनाक्याला!… “सांगते सगळं वाटेत. तुझं काही चुकलं नव्हतं गं. माझं चुकलं.” देवाशपथ, असंच म्हणाल्या. उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं.

नाही… दार नाही उघडलं.

थांब… पुन्हा बोलतायत. “तिथं तबेल्यात तसली चार पिल्लं असतील. मला नाही ओळखायचा तो. मी कधी धड बघितलं का त्याच्याकडे? तू चल.”

… आतून आवाज आला! मालनचा. काहीतरी… “उजवा कान दुमडलेला आहे,” म्हणाली. दाराआडूनच… सासूबाई म्हणतायत, “मला नाही कळत उजवा-डावा. म्हशींच्या पायाखाली येईल पोर कुठंतरी. तू चल.”

… …

नाही गं. अजून नाही. दार बंदच आहे.

आणि ह्या निघाल्याच बघ! आहेत त्या लुगड्यावर. पायात काही नाही, डोक्यावर पदर ओढला आणि निघाल्या. कधी एकट्या नाक्यापर्यंत गेलेल्या नाहीत, साकीनाका कुठल्या दिशेला तेही ठाऊक नसेल! आई, अहो थांबा, मी येते, काकांना सांगून… ताई, ठेवते मी आता, मला—

दार उघडलं.

मालन बाहेर आली, ताई. डोळे सुजलेत. आईच्या पायांकडे बघतेय.

“आई, आधी चपला घाल. केवढं ऊन आहे बाहेर.”

ऐकलंस? ताई, ऐकू आलं का तुला? रागावली गं! आईला रागावली!… वाकून चपला पुढं ठेवतेय त्यांच्या. सासूबाई तिच्या खांद्याला धरून घालतायत…

रडतेयस? रड. मीही रडतेय… सांगीन, मागाहून सगळं सांगीन. आता ठेव बाई, ठेव. नाक्यावर जाऊन त्यांना घोडागाडी बघून द्यायचीय.