जेवायच्या वेळी मंदावणारी मोटार

धाराशिवच्या बसस्थानकात माझ्या मागच्या बाकावर बेंबळीचे डाळमिलवाले आबाराव आणि त्यांच्या मिलच्या मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या डब्याचं, म्हणजे ड्राइव्हचं, प्रोग्रामिंग केलेला प्रसेनजित बसले होते.

“खरं सांगा साहेब, त्या डब्यात काय घालून ठेवलंय? म्या जेवायला घरी गेलो की मोटार मंद होती. शेजारीपाजारी आवाजावरून सांगतेत.”

“काका, डब्याला तुमचं जेवण कळत न्हाय. वरून तूर पडायची थांबली की वेग कमी करायचा, एवढंच लॉजिक हाय. वीज वाचवायला तुम्हीच घालायला लावलं.”

“तूर कशी थांबंल? सकाळी रचलेली पोती संध्याकाळी सगळी रिकामी असतेत.”

“आन् डाळ?”

“डाळ कमी भरती. म्हणून तर तुमच्या डब्यावर संशय हाय.”

“डबा तूर खात न्हाय, काका. दुपारी पोती कोण ओततं?”

“जावईबापू.”

बेंबळीची गाडी लागली. दोघंही उठले नाहीत.

“साहेब, ते लॉजिक काढता येतं का?”

“येतं की. मग तूर असो नसो, मोटार एकाच वेगानं पळंल.”

“पळू द्या. लेकीला नांदायचंय माझ्या.”