निबंधाची शेवटची ओळ

मी निपाणीकडची, चौथी शिकलेली. लगीन होऊन बेंगळूरला आले, मालक बोम्मसंद्राला कंपनीत आणि मी मारतहळ्ळीला चार घरी सैपाक करते. त्यात एकच घर मराठी, पुण्याची माणसं, म्हणून तिथं माझा जीव लई. सायेब कंप्युटरातले, ताई घरीच, आणि नऊ वर्साची ओवी.

सायेब गोड बोलणार, मला अक्का म्हणणार. पण काय सांगू तुमाला, त्या घरात काचेचा गिलास टिकत न्हाई. काचा मी झाडायच्या, आणि ताईंनी बाही खाली ओढून म्हणायचं, हातातून निसटला मावशी. मी म्हणायची, सरी, म्हंजी कानडीत बरं. दुसऱ्याच्या घरात आपण काय विचारणार.

ओवी रविवारी मराठीच्या वर्गाला जाती. बाईंनी निबंध दिला, अमुक नसतं तर. आमालाबी होता की शाळेत, सूर्य उगवला न्हाई तर, आणि शेवटी उलटं फिरायचं, नको बाई, सूर्य पाहिजेच. ओवीनं लिवलं, बाबा घरी आले नाहीत तर. मी कणिक मळत होते, तिनं वाचून दाखवलं. आई गाणं म्हणेल. आम्ही नवे ग्लास आणू. मी झोपताना दाराला खुर्ची लावणार नाही. तिथंच संपलं. म्हटलं शेवट कुठाय, तर पळाली खेळायला.

सायेब त्याच दिवशी टूरवरनं यायचे होते, आल्यावर वही बघायचे. हात पुसले आणि तिच्याच पेन्सिलीनं खाली लिवलं, पण नको, मला माझे बाबा हवेतच. अक्षर तिच्यासारखंच आलं, चौथीचंच की माझं.

सायबांनी वाचलं, मग शेवटावर बोट ठेवून ताईंना म्हणाले, बघ. मला वाटलं, वाचलं पोर. बाईंनीबी शेरा दिला, कल्पना छान, शेवट उत्तम.

सोमवारी ओवीनं वही ओट्यावर ठेवली. म्हणाली, मावशी, शेवट मी मुद्दाम लिहिला नव्हता. शेवट नसला की बाई वर्ग सुटल्यावर थांबवून विचारतात, असं का.

मला कुठं तोंड लपवू झालं. पुढच्या रविवारी गेले बाईंकडं, सांगितलं, ही ओळ पोरीची न्हाई, माझी हाय. बाई म्हणाल्या, मग वरचं सगळंही तुम्हीच सांगितलंत का तिला?

आता वाचून दाखवत न्हाई ती. आज सायेब पुन्हा टूरवरनं यायचेत. निघताना दारापातुर आली, म्हणाली, मावशी, उद्या येशील ना? उद्या माझी सुट्टी. देव तिला सुखी ठेवो, तरीबी मी तिच्याकडं जाणार हाय.