रिकामा वाहनतळ

पालिकेच्या करखिडकीपाशी माझ्या पुढे एका वाहनतळाचे मालक उभे होते. खिडकीत वसुलीच्या बाई.

"बाई, कर कसला मागताय? माझ्या वाहनतळावर काळं कुत्रं फिरकत नाही!"

"बरं. पण सकाळी बोलावलं होतं, काका. आत्ता उगवताय?"

"गाडी लावायला जागा नको मिळायला? घिरट्या घालून डोकं फिरलं माझं."

"तुमचा वाहनतळ तर समोरच आहे की!"

"अहो, तिथेच तर घालत होतो!"

बाईंनी पावतीपुस्तक पुढे ओढलं.

"म्हणजे... आजच जरा गर्दी होती."

"रोजच असते, काका. आज शेवटची जागा मीच पटकावली."

"ती निळी गाडी तुमची?"

"माझीच."

"भरतो बाई, सगळा कर भरतो. पण उद्या तेवढी एक जागा मला सोडा!"