रुचिताच्या उत्तरपत्रिकेवरची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे प्रमुख माननीय तानाजीराव गायकर, मुख्याध्यापिका रचनाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, कोपरीतले पालक, आणि इतकी वर्षं झाली तरी मागच्या रांगेत बसून बोलणारे माझे माजी विद्यार्थी,

आपणा सर्वांना या ॲडेलिन परेराचा नमस्कार.

एकतीस वर्षांपूर्वी मी इथे रुजू झाले, तेव्हा ख्रिस्ती बाई मराठी काय शिकवणार, अशी कुजबुज झाली होती. आज निरोप देताना त्याच शाळेने शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि कौतुक तर इतकं केलं की हे नक्की माझंच चाललंय ना, अशी शंका यावी. तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण चार गोड शब्द बोलून खाली बसणं आज मला जमणार नाही, तेवढं ऐकून घ्या.

मघाशी माझा जुना विद्यार्थी विनीत म्हणाला, बाईंच्या टाकीचे घाव बसले म्हणून आम्ही घडलो. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. विनीत, बाळा, ते वाक्य तुझं नाही. ते मीच तुम्हाला फळ्यावर लिहून दिलं होतं.

आठवतंय ना? नववीला एक जुनी कादंबरी होती. आईबाप नसलेला मुलगा, मामाच्या घरी मार, आणि शेजारच्या कासारणीच्या घरी रोज एक भाकरी. मोठेपणी तो गावाचा आधार होतो. त्यावर प्रश्न ठरलेला: प्रेम आणि छळ यांतून नायक कसा घडला? उत्तरही ठरलेलं. सुरुवात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. मग छळाने तो खंबीर झाला, प्रेमाने कोमल राहिला. वर्षानुवर्षं मी हेच लिहून दिलं आणि मुलांना गुण पडत गेले. तक्रार कोण कशाला करील?

सोळा वर्षांपूर्वी त्या वर्गात रुचिता होती. आईवडील अपघातात गेलेले. काका-काकूंकडे राहायची, इथून चार गल्ल्या सोडून. लांब वेणी, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातसुद्धा अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. उकडत नाही का गं, असं मी एकदा विचारलं होतं. ती नुसती हसली. मीही हसले आणि पुढच्या बाकाकडे वळले.

घटक चाचणीत हाच प्रश्न आला, दहा गुणांचा. तिने माझं उत्तर लिहिलं नाही. तिने लिहिलं, दगडाला दुखत नाही म्हणून ती म्हण खरी वाटते. मामाच्या माराने नायक घडला नाही, तो फक्त गप्प झाला. त्याच्यातला माणूस राहिला तो कासारणीमुळे, कारण तिने त्याच्या पाठीवरचे वळ पाहिले आणि दार लावून घेतलं नाही. आणि शेवटची ओळ अशी होती: "हे मला माहीत आहे, कारण आमच्या शेजारी कासारीण नाही."

यावर मराठीच्या बाईंनी काय करावं? मी लाल पेनने लिहिलं, 'मुद्दे सुटले. विषयांतर.' दहापैकी दोन. आणि आपल्या शाळेचा नियम तर तुम्हाला ठाऊकच आहे: एका प्रश्नातही निम्म्याहून कमी गुण पडले की उत्तरपत्रिका घरी न्यायची आणि पालकांची सही आणायची. ती माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, सही नको ना बाई, मी पुन्हा लिहून देते. मी म्हटलं, आधी सही.

चार दिवस ती शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली. उत्तरपत्रिकेवर काकूची सही होती, अगदी वळणदार. वेणी मात्र नव्हती. केस कानाच्या वर, वेडेवाकडे कापलेले. विचारलं तर म्हणाली, उवा झालेल्या. मी ते खरं मानून घेतलं. तासाची घंटा झाली होती.

पुढच्या परीक्षेत तिने माझं उत्तर लिहिलं, म्हणीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी तिला नऊ गुण दिले. तिला वर्गासमोर उभं केलं, उत्तर मोठ्याने वाचायला लावलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. ती खाली मान घालून वाचत होती आणि मी अभिमानाने ऐकत होते.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती उत्तरपत्रिका निघाली. तेव्हा मी ती पहिल्यांदा वाचली. आधी नुसती तपासली होती.

आजचं आमंत्रण घेऊन मी शहाडला तिच्या घरी गेले. तिने चहा केला. तिची छोटी सान्वी माझी पर्स उघडून बसली होती. मी सगळं बोलले, हात जोडले. रुचिता वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "बाई, ते उत्तर मी तुमच्यासाठी लिहिलेलं. ते चार दिवस मी खिडकीत बसलेले. वाटलेलं, बाईंनी वाचलंय, आता बाई येतील."

इथून तिच्या काकांचं घर सात मिनिटांवर होतं.

तिने क्षमा केली का? नाही केली. समारंभालाही नको म्हणाली. पण जिन्यापर्यंत सोडायला आली आणि पायरी तुटलीय, जपून उतरा, एवढं म्हणाली. ही माया तिच्यात छळामुळे आली, असं कृपा करून कुणी म्हणू नका.

आमच्यात चुकीची कबुली फादरपुढे, पडद्याआडून देतात. ती देऊन झाली. पण चूक वर्गात घडली होती, म्हणून ती शाळेतच बोलायला हवी होती. रचनाबाई, सहीचा नियम अजून आहे. एक विनंती करते. सही मागण्याआधी शिक्षकांनी उत्तर वाचावं, आणि तसं काही लिहिलेलं दिसलं तर त्याच दिवशी त्या मुलाच्या घरी जावं.

आपण सर्वांनी माझ्यासाठी वेळ काढलात, मान दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. आजच्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. त्या वर्गात जे झालं, ते मात्र घालू नका.